खुब्याच्या अस्थिभंगावरील उपचारांचा इतिहास : शय्येकडून हालचालीकडे

प्रास्ताविक

४ जानेवारी १९०२ रोजी बर्लिन शहरात चालत्या ट्राममधून खाली उतरताना एक वृद्ध गृहस्थ पडले आणि त्यांच्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले. हे गृहस्थ म्हणजे आधुनिक विकृतिविज्ञानाचे जनक मानले जाणारे रुडॉल्फ फिरखो होत. त्यांचे वय तेव्हा ८० वर्षांचे होते. पायाच्या नीलेत तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत जाऊन फुप्फुसात अडकते, हे वैद्यकजगताला त्यांनीच सुमारे अर्धशतकापूर्वी दाखवून दिले होते. दीर्घकाळ निश्चल पडून राहणाऱ्या रुग्णाला असलेल्या धोक्याची मीमांसा ज्याने केली, त्यालाच अखेरच्या वर्षी निश्चल पडून राहण्याची वेळ आली. त्या दुखापतीतून फिरखो पूर्णपणे सावरले नाहीत. ५ सप्टेंबर १९०२ रोजी, म्हणजे अपघातानंतर अवघ्या आठ महिन्यांनी, त्यांचे निधन झाले.

या घटनेत खुब्याच्या अस्थिभंगाचे सर्व स्वरूप सामावले आहे. पडणे साधे असते, मोडलेले हाड एकच असते. परंतु पुढील काही महिन्यांत संपूर्ण माणूसच खचत जातो. आपल्याकडे घरातील वृद्ध व्यक्ती न्हाणीघरात घसरली आणि तिचे खुब्याचे हाड मोडले की, 'आता त्या अंथरुणाला खिळल्या' असे म्हटले जाते. या वाक्प्रचारात निदान आणि भाकीत दोन्ही एकत्र आलेले आहेत. हे भाकीत कोणत्या काळापर्यंत खरे होते आणि ते कशामुळे बदलले, हा प्रश्न वैद्यकाइतकाच इतिहासाचाही आहे.

उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१) खुब्याच्या अस्थिभंगावरील उपचारपद्धतींच्या विकासाचे प्रमुख टप्पे स्पष्ट करणे.
२) प्रत्येक टप्प्यावर 'बरे होणे' या संकल्पनेचा अर्थ कसा बदलत गेला, याचा शोध घेणे.
३) या इतिहासाच्या प्रकाशात भारतातील, विशेषतः महाराष्ट्रातील, वृद्धांच्या स्थितीचा विचार करणे.

उपचारांतील बहुतांश परिवर्तने इंग्लंड, अमेरिका व स्वीडन या देशांत घडून आल्यामुळे विवेचनाचा मुख्य भाग तेथील घडामोडींवर केंद्रित केला आहे.

सुश्रुतसंहितेतील विचार

अस्थिभंगाचा व्यवस्थित विचार प्राचीन भारतात झालेला होता. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नांचे प्रकार सांगितले असून चिकित्सास्थानातील तिसऱ्या अध्यायात त्यांवरील उपचार दिले आहेत. मांडी व पोटरी यांच्या भंगासाठी तेथे 'कपाटशयन' सांगितले आहे. रुग्णाला फळीवर निजवून, पाच खुंट्यांच्या आधाराने त्याचा अवयव बांधून हलू न देणे, असे या उपचाराचे स्वरूप होते. वयाचा विचारही सुश्रुताने केलेला आढळतो. पहिल्या वयात ज्या भंगाला जुळण्यास एक महिना लागतो, त्याला मध्यम वयात दुप्पट व उतारवयात तिप्पट काळ लागतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. अल्प आहार घेणाऱ्या आणि उपद्रवांनी ग्रासलेल्या व्यक्तीचा भंग कष्टाने बरा होतो, हेही त्याने नमूद केले आहे.

खुब्याच्या भंगाचे आजच्यासारखे स्वतंत्र वर्गीकरण या ग्रंथात शोधणे योग्य ठरणार नाही. तथापि दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. एक, वृद्धाचे हाड आणि तरुणाचे हाड यांत भेद आहे, ही जाणीव; आणि दुसरी, हाडाचे भवितव्य आहारावर व शरीराच्या एकूण अवस्थेवर अवलंबून असते, ही जाणीव. या दोन्ही गोष्टी विसाव्या शतकात नव्याने शिकाव्या लागल्या.

ॲस्टली कूपर यांची मीमांसा

युरोपात सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्रुआझ पारे यांच्याकडे मांडीच्या हाडाच्या मानेच्या भंगाच्या आद्य वर्णनाचे श्रेय सामान्यतः दिले जाते. मात्र या विषयाला शास्त्रीय बैठक प्राप्त करून देण्याचे कार्य लंडन येथील गाइज रुग्णालयातील शल्यविशारद सर ॲस्टली कूपर (१७६८-१८४१) यांनी केले. सांध्यांचे निखळणे व भंग या विषयावरील त्यांचा ग्रंथ १८२२ मध्ये प्रसिद्ध झाला.

मांडीच्या हाडाचे वरचे गोल टोक म्हणजे शीर्ष आणि त्याखालचा अरुंद भाग म्हणजे मान होय. हे शीर्ष व मानेचा बराचसा भाग सांध्याच्या कोशात असतो. भंग या कोशाच्या आत झाला की बाहेर, यावर पुढील सर्व गोष्टी अवलंबून असतात, हे कूपर यांनी दाखविले. कोशाच्या आतील भंगात शीर्षाला होणारा रक्तपुरवठा खंडित होत असल्याने ते हाड सहसा जुळत नाही. कोशाबाहेरील भंग मात्र जुळू शकतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९५३ मध्ये ऑक्सफर्ड येथे होझे त्रुएता व त्यांचे सहकारी हॅरिसन यांनी शीर्षाच्या रक्तवाहिन्यांचा जो सूक्ष्म अभ्यास प्रसिद्ध केला, त्याने या प्रतिपादनाला भक्कम आधार मिळाला.

कूपर यांच्या विचाराचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. कोशातील भंग झालेल्या वृद्धाला महिनोन्महिने फळ्यांत बांधून ठेवल्याने हाड जुळत नाही आणि रुग्ण मात्र दगावतो, असे त्यांचे निरीक्षण होते. म्हणून वेदना ओसरेपर्यंत, साधारणतः दहा दिवस ते पंधरवडा, पाय उशीवर ठेवावा. त्यानंतर रुग्णाला रोज उठवून उंच खुर्चीवर बसवावे आणि पुढे कुबड्यांच्या साहाय्याने चालवावे, असा सल्ला त्यांनी दिला. हाड न जुळता पाय आखूड राहील, परंतु माणूस वाचेल, हा या सल्ल्यामागील हिशेब होता. हाड आणि माणूस यांपैकी एकाचीच निवड करणे भाग असेल, तर माणसाची निवड करावी, हे तत्त्व कूपर यांनी येथे स्वीकारलेले दिसते.

प्लास्टरचा काळ

कूपर यांचा हा निष्कर्ष अनेकांना पराभव पत्करल्यासारखा वाटला. १८४६ नंतर बधिरीकरण आणि १८६७ नंतर जंतुविरोधी शस्त्रक्रिया उपलब्ध झाली. १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागला. हाड नेमके कोठे व कसे मोडले आहे, हे आता जिवंत माणसात दिसू लागले. या नव्या आत्मविश्वासातून न्यूयॉर्क येथील रॉयल व्हिटमन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी आपली पद्धत मांडली. रुग्णाला बधिर करून पाय बाहेरच्या बाजूस फाकवायचा, आतल्या बाजूस वळवायचा आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर घालायचे, अशी ही पद्धत होती.

या पद्धतीने काही रुग्णांची हाडे खरोखरच जुळली. त्या दृष्टीने ती प्रगतीच होती. परंतु साठी-सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तीला कित्येक आठवडे प्लास्टरमध्ये जखडून ठेवण्याची किंमत मोठी होती. पाठीवर शय्याव्रण होत, फुप्फुसांत कफ साचून न्युमोनिया होई आणि पायांत रक्ताच्या गुठळ्या तयार होत. १९३५ मध्ये अमेरिकन शल्यविशारद केलॉग स्पीड यांनी या भंगाचा उल्लेख 'न सुटलेला भंग' असा केला, यावरून तत्कालीन वैद्यकाची हतबलता लक्षात येते.

खिळ्याचे आगमन

मोडलेली हाडे आतून खिळ्याने जोडण्याचे तुरळक प्रयत्न एकोणिसाव्या शतकात जर्मनीत झाले होते. परंतु जंतुसंसर्ग व गंजणारे धातू यांमुळे ते यशस्वी ठरले नाहीत. हे चित्र बदलण्याचे श्रेय नॉर्वेत जन्मलेले व बॉस्टन येथे कार्य करणारे मारियस स्मिथ-पीटरसन (१८८६-१९५३) यांना द्यावे लागते. त्यांनी १९२५ मध्ये तीन पाती असलेला पोलादी खिळा वापरला व १९३१ मध्ये आपल्या कार्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. गोल खिळ्याभोवती शीर्ष फिरू शकते. तीन पात्यांमुळे हे फिरणे थांबले आणि हाडाचे नुकसानही कमी झाले. १९३२ मध्ये स्वीडनमधील स्वेन योहान्सन यांनी हा खिळा मधोमध पोकळ केला. क्ष-किरणांच्या साहाय्याने प्रथम बारीक तार योग्य जागी बसवून तिच्यावरून खिळा सरकविता येऊ लागला. त्यामुळे सांधा उघडण्याची गरज उरली नाही. पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात शरीरात न गंजणाऱ्या मिश्रधातूंचा वापर सुरू झाला आणि एक जुना अडथळा दूर झाला.

या शोधाचे ऐतिहासिक महत्त्व केवळ तांत्रिक नाही. कपाटशयनातील खुंट्या काय किंवा व्हिटमन यांचे प्लास्टर काय, हाड स्थिर ठेवण्यासाठी संपूर्ण माणसाला स्थिर करणे हाच त्यांचा मार्ग होता. खिळ्याने हाडाची स्थिरता आणि माणसाची स्थिरता यांची प्रथमच फारकत केली. हाड आतून धरून ठेवलेले असल्यामुळे रुग्ण कुशीवर वळू शकत होता, उठून बसू शकत होता. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला एका खिळ्यानेच मोकळे केले, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

कृत्रिम शीर्षाचा पर्याय

तरीही कूपर यांनी दाखविलेली रक्तपुरवठ्याची अडचण कायम होती. खिळा कितीही उत्तम असला, तरी निर्जीव झालेल्या शीर्षात तो प्राण फुंकू शकत नव्हता. १९६१ मध्ये इंग्लंडमधील रॉबर्ट गार्डन यांनी हाडाचे तुकडे परस्परांपासून किती सरकले आहेत, यावरून या भंगाचे चार प्रकार केले. तुकडे फारसे सरकले नसतील तर खिळे वा स्क्रू वापरावेत आणि पुष्कळ सरकले असतील तर वृद्ध रुग्णात शीर्षच बदलावे, हा विचार यातून दृढ होत गेला.

शीर्ष बदलण्याची साधने त्याआधीच तयार झाली होती. अमेरिकेत १९४० मध्ये ऑस्टिन मूर व हॅरोल्ड बोलमन यांनी हाडात गाठ झालेल्या एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा वरचा भाग काढून तेथे धातूचा भाग बसविला. १९५०च्या दशकाच्या प्रारंभी मूर व फ्रेडरिक थॉम्पसन यांनी तयार केलेली कृत्रिम शीर्षे प्रचारात आली आणि ती पुढे अनेक दशके जगभर वापरली गेली. १९६२ मध्ये इंग्लंडमधील रायटिंग्टन येथे जॉन चार्नले यांनी धातूचे शीर्ष व प्लास्टिकची वाटी यांचा संपूर्ण कृत्रिम सांधा यशस्वी करून दाखविला. कोशाबाहेरील भंगासाठी सरकता स्क्रू व पट्टी आणि पुढे हाडाच्या पोकळीत बसणारे लांब खिळे उपलब्ध झाले. हाड मोडण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारावर आता यांत्रिक उत्तर होते.

अंथरुणातील धोके व वार्धक्यवैद्यक

यांत्रिक उत्तर सापडूनही रुग्ण दगावत होते. कारण प्रश्न केवळ हाडाचा नव्हता. १९३५ पासून इंग्लंडमधील वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात मार्जरी वॉरेन यांनी 'असाध्य' म्हणून वर्षानुवर्षे खाटेवर ठेवलेल्या वृद्धांची तपासणी सुरू केली. त्यांपैकी अनेकजण योग्य उपचार व व्यायाम मिळाल्यास उठून घरी जाऊ शकतात, हे त्यांनी सिद्ध केले. ऑर्सेट येथे शल्यविशारद लायनेल कोसिन यांनाही खुबा मोडलेल्या वृद्ध स्त्रियांच्या बाबतीत हाच अनुभव आला. १९४७ मध्ये रिचर्ड ॲशर यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये अंथरुणात पडून राहण्याच्या धोक्यांवर लेख लिहून विश्रांतीवरील अंधश्रद्धेलाच आव्हान दिले.

१९५९ मध्ये बर्मिंगहॅम येथील सेव्हिट व गॅलघर यांनी खुबा मोडलेल्या ३०० रुग्णांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रक्त गोठण्यास अटकाव करणारे औषध दिलेल्या गटात गुठळ्यांचे व त्यांमुळे होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण स्पष्टपणे कमी आढळले. फिरखो यांच्या सिद्धांताचे रूपांतर प्रतिबंधक उपचारात होण्यास शंभर वर्षे लागली, ही बाब येथे नोंदविणे आवश्यक आहे.

याच सुमारास हेस्टिंग्ज येथे अस्थिशल्यविशारद मायकेल डेव्हास आणि वार्धक्यवैद्यकाचे तज्ज्ञ बॉबी अर्व्हाइन यांनी वृद्ध रुग्णांची देखभाल संयुक्तपणे करण्याची प्रथा पाडली. शस्त्रक्रिया अशी करावी की रुग्णाला लगेच पायावर भार देऊन उभे राहता यावे, ही त्यांची भूमिका होती. शल्यविशारदाने हाड पाहावे आणि वैद्याने हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंड, आहार व मनःस्थिती पाहावी, ही श्रमविभागणी आज जगभर आदर्श मानली जाते.

वेळ, नोंदी व दुसरा भंग

विसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रश्नाला आकडेवारीची जोड मिळाली. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार १९९० मध्ये जगात खुब्याचे सुमारे १६.६ लाख भंग झाले होते आणि २०५० पर्यंत ही संख्या ६२.६ लाखांवर जाण्याची शक्यता होती. स्वीडनने १९८८ मध्ये या रुग्णांची राष्ट्रीय नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. ब्रिटनने २००७ मध्ये तसे केले. प्रत्येक रुग्णालयात शस्त्रक्रिया किती तासांत झाली, रुग्ण केव्हा उभा राहिला, किती जण दगावले, हे उघड होऊ लागले. २०११ मध्ये ब्रिटनमधील मार्गदर्शक तत्त्वांनी दाखल झालेल्या दिवशी वा दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया करावी व त्यानंतरच्या दिवशी रुग्णाला हालचाल करावयास लावावी, असे सांगितले. इंग्लंडमध्ये तीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण २००७ मधील १०.९ टक्क्यांवरून २०११ मध्ये ८.५ टक्क्यांवर आले. या काळात नवा खिळा वा नवे औषध निघाले म्हणून हे घडले नाही; आधीच ज्ञात असलेल्या गोष्टी वेळेवर होऊ लागल्या, हे त्याचे प्रमुख कारण होय.

घाईलाही मर्यादा आहे, हे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सतरा देशांतील २,९७० रुग्णांच्या अभ्यासातून दिसून आले. निदानानंतर सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे चोवीस तासांत शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा लक्षणीयरीत्या कमी आढळले नाही. मात्र त्यांच्यातील भ्रमावस्थेचे प्रमाण कमी होते आणि ते लवकर उभे राहिले.

दुसरा महत्त्वाचा बदल म्हणजे मोडलेल्या हाडामागील ठिसूळपणाकडे लक्ष जाणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये अस्थिसौषिर्याची, म्हणजे हाडे विरळ व ठिसूळ होण्याच्या विकाराची, मोजमापावर आधारित व्याख्या केली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खुब्याच्या भंगानंतर वर्षातून एकदा झोलेड्रोनिक ॲसिडचे इंजेक्शन दिलेल्या रुग्णांत नव्या भंगांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी व मृत्यूंचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी आढळले. एकदा हाड मोडलेल्या व्यक्तीला पुन्हा भंग होण्याचा धोका अधिक असतो. म्हणून पहिला भंग ही पुढील भंगाची पूर्वसूचना मानली पाहिजे, हे यातून अधोरेखित झाले.

भारतीय संदर्भ व 'बरे होणे' याचा अर्थ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हरियाणातील रोहतक जिल्ह्यात झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पन्नाशीवरील लोकसंख्येत दर लाखी वर्षाला १२९ खुब्याचे भंग आढळले. स्त्रियांत हे प्रमाण १५९ व पुरुषांत १०५ होते. पुनर्वसनाचा विचार स्वातंत्र्योत्तर भारतात लवकर सुरू झाला होता. मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये स्थापन झालेली अखिल भारतीय शारीरिक वैद्यक व पुनर्वसन संस्था ही त्याची साक्ष होय. परंतु महानगरातील सोयी आणि गावातील वास्तव यांत अंतर आहे. प्रथम हाडवैद्याकडे जाणे, नंतर तालुक्याचे व शेवटी जिल्ह्याचे ठिकाण गाठणे, पैशांची जमवाजमव करणे आणि 'या वयात शस्त्रक्रिया कशाला' या प्रश्नावर घरात एकमत होणे, यांत मोलाचे दिवस निघून जातात. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेचा लाभ सत्तर वर्षांवरील सर्वांना खुला झाला. खर्चाची अडचण त्यामुळे काही अंशी कमी होऊ शकेल. निर्णयातील विलंब मात्र केवळ खर्चाने होत नाही.

आणखी एक प्रश्न सांस्कृतिक आहे. खुब्याच्या उपचारांचे यश मोजण्यासाठी १९६९ पासून जगभर वापरला जाणारा हॅरिस यांचा गुणांकनतक्ता बॉस्टन येथे तयार झाला. रुग्ण खुर्चीवर बसू शकतो का, बूट-मोजे घालू शकतो का, जिना चढू शकतो का, सार्वजनिक वाहनात चढू शकतो का, हे त्यात विचारले जाते. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उकिडवे बसणे यांना त्यात स्थान नाही. महाराष्ट्रातील ग्रामीण वृद्ध स्त्रीचे जेवण, देवपूजा, भाजी निवडणे, शेजारणीशी बोलणे हे सारे जमिनीवर होते. कृत्रिम सांधा बसविल्यानंतर अशा बैठका टाळण्यास सहसा सांगितले जाते. तक्त्यानुसार उत्तम गुण मिळविलेली स्त्री पंगतीतून उठून एकटीच खुर्चीवर जेवू लागते, तेव्हा ती किती बरी झाली, हा प्रश्न शिल्लक राहतो. घरात उंच शौचकूप, भिंतीला दांडी, न घसरणारी फरशी व रात्री पुरेसा उजेड असणे, या गोष्टी म्हणूनच शस्त्रक्रियेइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

निष्कर्ष

१) खुब्याच्या अस्थिभंगावरील उपचारांचा इतिहास हा विश्रांती व हालचाल यांतील दीर्घ संघर्षाचा इतिहास आहे. कूपर यांनी १८२२ मध्ये सुचविलेली लवकर उठविण्याची दिशा शंभरहून अधिक वर्षांनंतर सर्वमान्य झाली.

२) खिळा व कृत्रिम शीर्ष यांनी हाडाचा प्रश्न बव्हंशी सोडविला. रुग्णाचे प्राण वाचविण्यात मात्र वार्धक्यवैद्यक, गुठळ्यांचा प्रतिबंध, वेळेवर शस्त्रक्रिया आणि नोंदी यांचाही तितकाच वाटा आहे.

३) सर्व प्रगतीनंतरही धोका मोठाच आहे. भंगानंतर वर्षभरात पाचांपैकी एक वा त्याहून अधिक वृद्ध दगावतात आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीची चाल परत मिळत नाही. शस्त्रक्रिया यशस्वी होणे म्हणजे रुग्ण बरा होणे नव्हे.

४) भारतीय जीवनपद्धतीला अनुरूप असे 'बरे होण्याचे' निकष आणि या भंगांची देशव्यापी नोंद यांची आवश्यकता आहे.

फिरखो यांच्याजवळ आपल्या काळातील सर्वोत्तम वैद्यकीय ज्ञान होते. नव्हते ते त्या ज्ञानाचे उपचारात झालेले रूपांतर. आज ते रूपांतर झालेले आहे. ते खेड्यातील न्हाणीघरात घसरलेल्या वृद्धेपर्यंत दोन दिवसांत पोहोचते की दोन आठवड्यांत, यावर 'अंथरुणाला खिळणे' हा वाक्प्रचार यापुढेही खरा ठरणार की नाही, हे अवलंबून आहे.